या हंगामाची लोकर उकिरड्यावर जाऊ देऊ नका

महाराष्ट्रातला मेंढपाळ आज लोकर फेकून देतो आहे. माण, खटाव, फलटण, आटपाडी, जत, सांगोला, पारनेर, संगमनेर अशा कुठल्याही मेंढरांच्या मुलखात कातरणीच्या दिवसांत जाऊन पाहा. कातरलेली लोकर बाभळीखाली, बांधाला, ओढ्याच्या कडेला टाकून मेंढपाळ कुटुंबांचा फिरता वाडा पुढच्या मुक्कामाला निघून गेलेला दिसेल. पाऊस आला की त्यातली निम्मी चिखलात बसते आणि निम्मी ओढ्याला लागते. या लोकरीने दुष्काळी पट्ट्यातल्या किती घरांची चूल पेटती ठेवली, किती शेतकऱ्यांना आषाढातल्या पावसात आणि पौषातल्या थंडीत सांभाळले, याची गणती नाही. आज ती फुकट न्या म्हटले तरी नेणारा मिळत नाही.

हे आवाहन सवडीने वाचून बाजूला ठेवण्यासाठी लिहिलेले नाही. लोकर घरात साठवून ठेवली तर तिला कसर लागते, आणि ती विणणारे बहुतेक हात आता साठीच्या पुढे गेले आहेत. पाच वर्षांनी गिऱ्हाईक जागे झाले तर लोकर कदाचित मिळेल, पण तिची घोंगडी करून देणारा मिळणार नाही. जे करायचे ते आत्ताच्या हंगामातच करावे लागेल, आणि ते आपल्यालाच करावे लागेल.

आधी मेंढपाळाचा हिशेब समजून घ्या. दख्खनी मेंढराची लोकर वर्षातून दोनदा कातरतात. दोन्ही वेळची मिळून ती जेमतेम अर्धा-पाऊण किलो भरते. कातरणीआधी कळप पाण्यातून काढावा लागतो. ओढ्यात नाहीतर कालव्यात उभे राहून एकेक मेंढरू धरायचे, चोळून धुवायचे आणि वाळू द्यायचे. मग पाय बांधून त्याला आडवे पाडायचे आणि लोखंडी कातर पोटाकडून चालवत पाठीपर्यंत न्यायची. कातडीला लागले तर जखमेत माश्या बसतात आणि अळ्या पडतात, त्यामुळे हे काम बसलेल्या हाताचेच. जाणता माणूस असला की लोकर भराभर अंगावरून उतरते, आणि मेंढरू उभे राहून अंग झाडते. हा माणूस डोईमागे मजुरी घेतो आणि ती घेतलीच पाहिजे. अडचण अशी की लोकर घ्यायला कुणी आलाच तर तो जो भाव करतो, त्यातून ही मजुरीसुद्धा निघत नाही.

मग कातरू नये? तसेही करता येत नाही. लोकर वाढू दिली तर उन्हाळ्यात मेंढरू धापा टाकते, पावसात भिजलेली लोकर दिवसचे दिवस वाळत नाही, तिच्यात गोचीड आणि उवा होतात, जनावर खंगते. म्हणजे कातरणी हा जनावर जगवण्याचा खर्च आहे आणि तो टाळता येत नाही. पूर्वी तो खर्च लोकर स्वतःच भागवायची आणि वर चार पैसे शिलकीला टाकायची. आता तो कोकराच्या विक्रीतून भागवावा लागतो. दरवेळी पदरमोड करून कातरलेली लोकर माणूस किती दिवस जपून ठेवील?

देशाचे आकडेही हेच सांगतात. २०१४-१५ साली भारतात सुमारे ४ कोटी ८१ लाख किलो लोकर निघाली होती. २०२३-२४ मध्ये ती ३ कोटी ३७ लाख किलोच्या आसपास आली. दहा वर्षांत तीस टक्के लोकर गेली. मेंढ्या कमी झाल्या म्हणून असे झाले असेल असे कुणाला वाटेल, पण तसे नाही. २०१२ च्या पशुगणनेत देशात साडेसहा कोटी मेंढ्या होत्या, २०१९ मध्ये त्या ७ कोटी ४३ लाख झाल्या. मेंढ्या वाढल्या आणि लोकर घटली. मटणाला भाव आहे, म्हणून मेंढपाळ वजनदार आणि कमी लोकरीच्या जातींकडे वळला. आपल्याकडे जत तालुक्यातल्या माडग्याळ मेंढ्याला जे दिवस आले आहेत, ते त्याच्या उंचीमुळे आणि मांसामुळे, लोकरीमुळे नव्हे. मेंढपाळाला यात दोष देता येणार नाही. पैसा ज्यात मिळतो ते तो पाळणार.

महाराष्ट्राचा वाटा देशाच्या लोकरीत पावणेपाच टक्क्यांच्या आसपास आहे, म्हणजे वर्षाला सुमारे १६ लाख किलो. राजस्थान, जम्मू-काश्मीर आणि गुजरातनंतर आपला चौथा क्रमांक लागतो. आपल्या राज्यात सुमारे २७ लाख मेंढ्या आहेत आणि त्यांत मोठा भरणा दख्खनीचा. लोणंदची, संगमनेरी, सोलापुरी, कोल्हापुरी असे तिचे पोटप्रकार त्या त्या भागातली माणसे लांबूनच ओळखतात. ही मेंढी चार महिने कुसळांवर काढते, दिवसाला मैलोगणती चालते, आणि पाऊस हुकलेल्या वर्षीही तग धरते. तिची लोकर जाड असते. मेरिनोचा धागा २० मायक्रॉनच्या आसपास, तर दख्खनीचा त्याच्या दुपटीहून जाड. तो अंगाला टोचतो, हे खरेच. त्याचा स्वेटर होत नाही. पण ज्याला पाऊस झेलायचा आहे, उघड्यावर झोपायचे आहे, दगडावर बसायचे आहे, त्याच्यासाठी यापेक्षा टिकाऊ धागा या पठारावर दुसरा कुठला नाही.

आता निर्यातीकडे वळू, कारण आपल्या ओढ्यात वाहून जाणाऱ्या लोकरीचा तिच्याशी थेट संबंध आहे. भारतात निघणाऱ्या लोकरीतली सुमारे ८५ टक्के लोकर गालिच्यांच्या कामाची, पाच टक्के कपड्यांच्या कामाची आणि उरलेली दहा टक्के जाडीभरडी, कांबळी-घोंगड्यांची. दख्खनी या शेवटच्या दहा टक्क्यांत मोडते. म्हणजे लोकरीच्या बाजारात ती सगळ्यात शेवटच्या रांगेत उभी असते. गालिच्यांना परदेशात मागणी असली की व्यापारी खालच्या प्रतीची लोकरसुद्धा गोळा करतात, तिचे थापून केलेले नमदे होतात, स्वस्त कांबळी होतात, चांगल्या लोकरीत मिसळून सूत होते. मागणी आटली की पहिला नकार शेवटच्या रांगेला मिळतो.

ती मागणी आटते आहे. बिकानेरच्या लोकरबाजारातून सूत जाते भदोही-मिर्झापूरच्या मागांवर, आणि भारतातून परदेशी जाणाऱ्या हातविणीच्या गालिच्यांपैकी साठ टक्क्यांच्या आसपास माल एकटी अमेरिका घेते. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर आधी २५ टक्के आणि २७ तारखेपासून एकूण ५० टक्के आयातकर लावला. विणून तयार असलेला माल गोदामात अडकला आणि नव्या ऑर्डरी थांबल्या. कर पुढे कितीही खालीवर झाला, तरी हुकलेला हंगाम विणकराला परत मिळत नाही. पण सगळे खापर त्या एका करावर फोडणेही बरोबर नाही. त्याच्या कितीतरी आधीपासून तुर्कस्तानच्या यंत्रांवरचे पॉलिप्रॉपिलीनचे गालिचे जगभरच्या दुकानांत स्वस्तात येऊन बसले होते. आपल्याकडचे गालिचेवालेही न्यूझीलंडची लोकर आणून मिसळत होते, कारण ती धुतलेली, प्रतवारी केलेली आणि एकसारखी मिळते. आपली लोकर काट्याकुसळांसकट पोत्यात भरून जाते.

पानिपतची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. जगभरच्या जुन्या लोकरी कपड्यांच्या चिंध्या आणून, त्यांचे पुन्हा सूत काढून तिथे कांबळी होत. भूकंप, पूर, युद्ध कुठेही झाले की मदतसाहित्यात पानिपतची ती करडी कांबळी जायची. मग पॉलिएस्टरचे मऊ, हलके, रंगीत ब्लँकेट आले आणि मदतसंस्थांनी तेच घ्यायला सुरुवात केली. आज पानिपतच्या कित्येक गिरण्या स्वतःच पॉलिएस्टरचे ब्लँकेट काढतात. २०२३ साली जगात तयार झालेल्या सगळ्या धाग्यांपैकी ५७ टक्के एकटे पॉलिएस्टर होते आणि लोकर एक टक्क्याच्या आसपास. हे ब्लँकेट खनिज तेलातून येते, धुतल्यावर त्याचे बारीक तंतू नदीत जातात, आणि फाटल्यावर ते शंभर वर्षे उकिरड्यावर पडून राहते. ज्या उकिरड्यावर आपण कुजून माती होणारी लोकर टाकतो, त्याच उकिरड्यावर न कुजणारे ब्लँकेटही टाकतो, आणि दुसरे विकत आणतो.

ही अडचण एकट्या गरीब देशाची आहे असेही नाही. २०२० साली इंग्लंडमधल्या मेंढपाळांनी कातरणीचा खर्चही सुटत नाही म्हणून लोकर जाळली, खतात टाकली. पण तिथे त्यानंतर लोकरीच्या गोळ्या करून बागेत घालणे, घराच्या भिंतींत आणि छतात ती भरणे, अशा वाटा लोकांनी धरल्या. बाहेरचा बाजार गेल्यावर घरचा बाजार उभा करायचा असतो.

घरचा बाजार म्हणजे तुम्ही. आता तुमच्याशी बोलायचे आहे.

महाराष्ट्रात सत्काराशिवाय कार्यक्रम होत नाही. साखर कारखान्याची वार्षिक सभा, पतसंस्थेचा वर्धापनदिन, शाळेतला सेवापूर्तीचा समारंभ, गणेश मंडळाचे बक्षीसवाटप, साहित्य संमेलन, ग्रामपंचायतीचा नवा सदस्य निवडून आला तरी शाल आणि श्रीफळ. नारळ प्रसादाला जातो. शालीचे काय होते ते आपण सगळे जाणतो. ती शाल बहुतेक वेळा ॲक्रिलिकची नाहीतर पॉलिएस्टरची असते, अंगावर घेतल्यावर पाच मिनिटांत उतरते, आणि घरी कपाटात आधीच्या तीस शालींवर जाऊन पडते. या एका प्रथेतून वर्षाला किती लाख वस्तू विकत घेतल्या जात असतील! त्यातला लहानसा हिस्सा जरी दख्खनी लोकरीकडे वळला तरी माणदेशातला, कोल्हापूर-सोलापूरकडचा माग बंद पडणार नाही. घोंगडी महाग पडते, हे मान्य. हाताने कातलेल्या-विणलेल्या घोंगडीला काही हजार रुपये द्यावेच लागतात. मग दहा जणांना शाल घालण्याऐवजी तिघांना घोंगडी द्या. बाकीच्यांना लोकरीचे लहान आसन द्या. ज्यांचा सत्कार खरोखर करायचा आहे त्यांचाच करा.

आपल्या राजकीय सभांमध्ये नेत्याच्या खांद्यावर घोंगडी टाकून हातात काठी देण्याची रीत आहे. घोंगडी बैठका तर गावोगाव होतात. तिथे अंथरलेली आणि खांद्यावर टाकलेली घोंगडी खरोखर लोकरीची आहे का, हे एकदा तपासून पाहा. बाजारात कृत्रिम धाग्याची, यंत्रावर विणलेली, काळ्या रंगात बुडवलेली वस्तू ‘घोंगडी’ म्हणून सर्रास विकली जाते. ओळखायला सोपे आहे. कडेचे दोन-चार धागे काढून काडीने पेटवा. लोकर असेल तर केस जळाल्याचा वास येईल, ज्योत काढली की आग आपोआप विझेल, आणि उरलेली राख बोटात चुरडली जाईल. कृत्रिम धागा वितळतो, त्याचा थेंब ओघळतो आणि गार झाल्यावर कडक मणी होतो. दुकानदाराने धागा काढू दिला नाही तर तिथून घेऊ नका.

विकणाऱ्यांनाही एक कळकळीची विनंती. घोंगडीवर झोपले की संधिवात जातो, रक्तदाब उतरतो, नाना व्याधी पळतात, अशा जाहिराती करू नका. लोकर ऊब देते, आपल्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याइतका ओलावा पोटात घेऊनही ओली लागत नाही, सहज पेट घेत नाही, आणि नीट वापरली तर पंचवीस-तीस वर्षे टिकते. एवढे पुरेसे आहे आणि एवढे खरे आहे. खोट्या दाव्यावर आलेले गिऱ्हाईक पुन्हा येत नाही आणि दुसऱ्यालाही येऊ देत नाही.

किंमत जास्त का, ते एकदा समजले की घासाघीस करावीशी वाटणार नाही. एका घोंगडीला चार-पाच मेंढरांची वर्षभराची लोकर लागते. ती आधी निवडायची: काळी वेगळी, पांढरी वेगळी, करडी वेगळी, कारण घोंगडीचे काळे-पांढरे पट्टे बहुतेक वेळा रंगाने येत नाहीत, मेंढराच्या अंगच्या रंगातूनच येतात. कोकराची पहिली कातरण म्हणजे जावळ. ती सगळ्यात मऊ, म्हणून जावळाची घोंगडी सगळ्यात मोलाची. मग पिंजायचे. मग कातायचे, आणि हे काम पिढ्यान्‌पिढ्या धनगर आणि विणकर सनगर घरांतल्या बायकांनी केले आहे, घरकाम, मेंढरे आणि शेत सांभाळून उरलेल्या वेळात. ताण्याचे सूत उन्हात ताणून त्याला चिंचोक्याची खळ कुंच्याने चोपडतात. चिंचोके भाजायचे, टरफल काढायचे, दळायचे आणि शिजवायचे. ही खळ बसली नाही तर जाड, खरखरीत धागे मागावर एकमेकांत अडकून तुटतात. खळ वाळली की मग खड्ड्यातल्या मागावर बसून विणकाम. विणून झालेली घोंगडी धुऊन तुडवावी लागते, तेव्हा धागे एकमेकांत बसतात आणि तिच्यातून पाणी सहजासहजी झिरपत नाही. इतक्या हातांमधून गेलेली वस्तू कारखान्याच्या ब्लँकेटच्या भावात मागणे हा अन्याय आहे.

कोल्हापुरात सनगर गल्ली आहे. इतर गावांतही या विणकरांच्या नावाच्या गल्ल्या आहेत. त्यांतून आज माग शोधत हिंडावे लागते. घरातला मुलगा मागावर बसत नाही, कारण दिवसभर बसून जे सुटते त्यापेक्षा एमआयडीसीत जास्त मिळते. त्याला परत आणायचे असेल तर मजुरी वाढली पाहिजे, आणि मजुरी वाढायची तर वर्षभर काम मिळाले पाहिजे. यात्रेपुरते गिऱ्हाईक पुरत नाही.

यात्रेचा विषय निघाला म्हणून देवस्थानांविषयी. पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत भंडाऱ्याबरोबर खारीक, खोबरे आणि लोकर उधळली जाते. देवाच्या दारात जिला हा मान आहे, तिला बाजारात मान मिळवून देणे देवस्थानांच्या हातात आहे. बिरोबा, खंडोबा, म्हसवडचा सिद्धनाथ, पंढरीचा विठोबा या सगळ्या देवांचा भक्तगण मेंढपाळांशी जोडलेला आहे. या देवस्थानांच्या विश्वस्तांना आवाहन आहे की भक्तनिवासात अंथरायला, मान्यवरांना द्यायला, प्रसादाच्या दुकानात ठेवायला लोकरीच्या वस्तू थेट विणकरांकडून घ्या. वर्षाची ऑर्डर एकदम द्या, म्हणजे विणकर आधी लोकर विकत घेऊ शकेल आणि मेंढपाळ ती जपून ठेवील.

सरकारकडे मागण्यासारखे पुष्कळ आहे, पण मी एकाच गोष्टीवर जोर देईन: लोकर गोळा करण्याची आणि धुण्याची सोय. एकात्मिक लोकर विकास कार्यक्रमाला केंद्राने २०२१-२२ ते २०२५-२६ या पाच वर्षांसाठी सगळ्या देशाला मिळून १२६ कोटी रुपये ठेवले होते. ती मुदत मार्च २०२६ पर्यंतचीच. पुढची योजना आखताना दख्खनच्या जाड्या लोकरीला स्वतंत्र जागा मिळाली पाहिजे, नाहीतर पैसा पुन्हा गालिच्यांच्या आणि पश्मिन्याच्या वाटेनेच जाईल. पुण्यश्लोक अहिल्यादेवी महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळ १९७८ पासून आहे. राज्य सरकारच्या महामेष योजनेतून मेंढ्यांचे गट दिले जातात. मेंढरे वाढवायला पैसा आहे, पण त्यांच्या पाठीवरच्या लोकरीला गिऱ्हाईक मिळवून देण्याचे काम मागे पडले आहे. लोणंद, आटपाडी, सांगोला इथे शेळ्या-मेंढ्यांचे बाजार भरतातच. त्याच आवारात कातरणीच्या महिन्यांत काटा लावा, रंगाप्रमाणे आणि प्रतीप्रमाणे लोकर तोलून घ्या, मजुरी सुटून वर दोन पैसे राहतील असा भाव द्या. एक धुलाई-पिंजाईचा कारखाना माणदेशात उभा करा. धुतलेली, पिंजलेली, प्रत लावलेली लोकर असेल तरच बाहेरचा खरेदीदार तिच्याकडे वळेल. आश्रमशाळा, वसतिगृहे, पोलीस चौक्या, आपत्ती निवारणाचे साठे यांसाठी सरकार दरवर्षी ब्लँकेट घेतेच, त्यातला ठरावीक हिस्सा दख्खनी लोकरीचा असावा असा नियम करायला नवे पैसेही लागत नाहीत.

अहिल्यादेवींची त्रिशताब्दी आपण २०२५ मध्ये मोठ्या थाटाने साजरी केली. महेश्वरला त्यांनी विणकर आणून वसवले, माग उभे केले, आणि तिथले कापड राजघराण्यातून वापरात आणि भेटीत आणले. त्यांनी कारागिराला मदत तर केलीच, शिवाय त्याच्या मालाला हक्काचे गिऱ्हाईकही उभे करून दिले. त्यांच्या नावाने चालणाऱ्या संस्थांनी निदान आपल्या कार्यक्रमांत तरी हे करून दाखवावे.

वास्तुरचनाकारांनी आणि बांधकाम करणाऱ्यांनी या लोकरीकडे नव्या नजरेने पाहावे. सभागृहात, ध्वनिमुद्रण कक्षात, शाळांच्या वर्गांत आवाज घुमू नये म्हणून जे फोमचे तक्ते लावतात, त्यांच्या जागी लोकरीचा नमदा उत्तम काम देतो, आणि जाड लोकर तिथे दोष न राहता गुण ठरते. कातरणीत निघणारी अगदीच मळकी, तुटकी लोकर शेतकऱ्यांनी फळझाडांच्या आळ्यात घालावी. तिच्यात नत्र आहे, ती पाणी धरून ठेवते आणि सावकाश कुजते. डाळिंबाच्या पट्ट्यात हे करून पाहायला काय हरकत आहे? लोकर शेजारच्या बांधावरच पडलेली असते.

परदेशातल्या मराठी मंडळींना वेगळे सांगायचे आहे. अमेरिकेतल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाची अधिवेशने होतात, लंडनपासून सिंगापूरपर्यंत महाराष्ट्र मंडळे आहेत. तुमच्यापैकी अनेकजण व्यापारात, रचनाक्षेत्रात, मोठ्या दुकानसाखळ्यांत काम करता. हाताने कातलेल्या, न रंगवलेल्या, कुठल्या मुलखातून आली ते सांगता येईल अशा लोकरीला तिकडे किंमत देणारे गिऱ्हाईक आहे, आणि ते तुमच्या ओळखीचे आहे. इथल्या विणकराला निर्यातीचे कागद करता येत नाहीत, तिकडच्या घराला कुठल्या मापाची पायपुसणी, गालिचे, उशांचे अभ्रे लागतात हे त्याला माहीत नाही. एखाद्या मंडळाने एका गावाच्या विणकरांशी नाते जोडले, माप आणि नमुना ठरवून दिला, आगाऊ रक्कम दिली, तर मोठ्या व्यापाऱ्याची वाट पाहावी लागणार नाही. एवढे मात्र लक्षात ठेवा की नमुना म्हणून एकदा दोन नग मागवून नंतर गप्प बसू नका. त्याने विणकराची उमेद खचते.

संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे वर्ष गवताळ प्रदेश आणि पशुपालकांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केले आहे. परिसंवाद होतील, छायाचित्रांची प्रदर्शने भरतील. दिवाळीनंतर घोड्यांवर बिऱ्हाड लादून कोकणात उतरणारे वाडे आणि रानात बसवलेली मेंढरे कॅमेऱ्यात सुंदर दिसतात. त्याच वाड्यांना आज उतरायला रान उरलेले नाही, कुंपणे झाली आहेत, रस्त्यावर मेंढरे गाड्यांखाली येतात, कळपांतून चोऱ्या होतात. व्यंकटेश माडगूळकरांची मेंढपाळांवरची ‘बनगरवाडी’ १९५५ साली आली, तेव्हापासून मराठी वाचक या माणसांना जीव लावून आहे. ती कादंबरी ज्यांच्या कपाटात आहे, अशा किती घरांत माणदेशाच्या लोकरीची एक तरी वस्तू आहे? हा प्रश्न मी दुखवण्यासाठी विचारत नाही. प्रेम आहे, पण ते बाजारापर्यंत पोचलेले नाही, आणि मेंढपाळाला आज ते बाजारात हवे आहे.

मेंढपाळांच्या शिकलेल्या मुलामुलींनो, तुम्हालाही हात जोडून सांगणे आहे. या कातरणीला लोकर जमिनीवर टाकू नका. ताडपत्री अंथरा, काळी-पांढरी वेगळी भरा, जावळ बाजूला काढा, पोटाखालची मळकी लोकर चांगल्या लोकरीत मिसळू नका. कोरड्या पोत्यात कडुनिंबाचा पाला घालून ठेवा. चार वाड्यांची लोकर एकत्र करा, तिचे फोटो आणि वजन मोबाइलवरून विणकरांना, बचत गटांना कळवा. नीट भरलेल्या पोत्याला गिऱ्हाईक शोधता येते, चिखलात पडलेल्या ढिगाला शोधता येत नाही.

आणि वाचकहो, तुमच्या संस्थेचा, शाळेचा, सोसायटीचा, घरचा पुढचा कार्यक्रम कधी आहे ते आजच पाहा. सत्काराच्या यादीत शालीच्या जागी घोंगडी लिहा. ती विणकराकडून थेट घ्या, निदान महिनाभर आधी सांगा, कारण त्याला तेवढा वेळ लागतो. निम्मे पैसे आगाऊ द्या, म्हणजे त्याला या हंगामाची लोकर घेता येईल.